थर्ड क्रीकच्या चार आया

१

गुरुवारी सकाळी मॅव्हिस लिंडक्विस्टने शेडचं दार उघडलं तर आत नुसते खुंट. चार बादल्या, चार खुंट. काल संध्याकाळी छातीला लागतील एवढी झाडं होती, ती मातीलगत कापून कुणीतरी नेली होती.

अर्ल प्रुइटला फोन आला तेव्हा तो गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसला होता. वय एकोणसत्तर. एकतीस वर्षं तो या जिल्ह्यात शेरिफच्या पोलिसांत डेप्युटी होता, आणि गांजा कायदेशीर होण्याआधीची त्यातली वीस वर्षं याच डोंगरातल्या लोकांची गांजाची झाडं उपटण्यात गेली होती.

"अर्ल, माझ्या आया गेल्या," मॅव्हिस म्हणाली.

"शेरिफला फोन कर की. मला घरी बसून अकरा वर्षं झाली."

"तो नवा आहे. त्याला गांजा काय नि टोमॅटो काय, सगळं हिरवंच दिसतं. तू आमची आयुष्यभर झाडं नेलीस. एकदा शोधून दे."

 अर्लने पिशवी बाजूला ठेवली आणि बूट शोधायला घेतले.

डोंगरात चांगलं वाण कुणी बियांवर सांभाळत नाही. बी टाकलं की एका घरातल्या भावंडांसारखं होतं, प्रत्येक जण वेगळा निघतो. हुबेहूब तेच झाड हवं असेल तर एक मादी झाड दिव्याखाली ठेवायचं, तिला फुलू द्यायचं नाही आणि तिच्या फांद्यांची कलमं करायची. कलम म्हणजे तीच, नवीन अंगाने. तिलाच हे लोक आई म्हणतात. आई थकली की तिचंच कलम पुढची आई होतं. थर्ड क्रीक नावाचं वाण मॅव्हिस आणि तिचा नवरा गिल यांनी अकरा वर्षं खपून तयार केलं होतं आणि पुढे अडतीस वर्षं असं आईकडून आईकडे चालवलं होतं. गिल जाऊन सोळा वर्षं झाली. मॅव्हिसची नजर आता जात चालली होती, आणि नोव्हेंबरात ती बहिणीकडे ओरेगॉनला कायमची जाणार होती.

रविवारी हाय ओक नर्सरीची बाई येऊन थर्ड क्रीक प्रयोगशाळेत नेणार होती. तिथे म्हणे इवलासा तुकडा काचेच्या बाटलीत वर्षानुवर्षं जगतो. झाड दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. बाई रिकाम्या हाताने परत गेली तर थर्ड क्रीक संपलं.

"बक ओस्ट्रँडर," अर्ल गाडीतून उतरतो न उतरतो तोच मॅव्हिस म्हणाली. "शनिवारी सभागृहात सगळे जमणार आहेत. त्याच्याशी बोलणं बंद करायचं ठरतंय."

"पुरावा?"

"तीस वर्षं ओरडतोय की थर्ड क्रीकमधलं अर्धं रक्त त्याच्या झाडाचं आहे. अजून काय पुरावा पाहिजे?"

अर्ल शेडमध्ये वाकून बसला. गुडघा कुरकुरला. त्याने जमीन पाहिली, भिंतीचे कोपरे पाहिले, बादल्यांच्या मागे हात घालून पाहिलं.

"इथे झाडू कोण मारतं?"

"कुणी नाही. गिल गेल्यापासून झाडू इथे फिरलेला नाही."

पण जमीन लख्ख होती. एवढी चार झाडं कापली, तरी पानाचा एक कपटाही खाली नव्हता.

२

लायल स्वयंपाकघरात पाव भाजत होता. पन्नाशीचा, हडकुळा, कमी बोलणारा. वीस वर्षांपूर्वी हंगामात पानं छाटायला म्हणून आला आणि राहिला तो राहिलाच. आता मॅव्हिसचे डोळेही तोच आणि हातपायही तोच.

"काल तू कुठे होतास?" अर्लने विचारलं.

"माझ्या खोलीत. नऊला झोपलो."

"काही आवाज?"

"वारा होता. तुम्ही पाव घेता का? लोणी संपलंय."

"शेडला कुलूप नसतं?"

"इथे कुणाच्याच शेडला नसतं," मॅव्हिस मधेच म्हणाली. "कुलूप दिसलं की तुम्ही लोक आत काय आहे ते पाहायचा. म्हणून कुणी लावलंच नाही. बादल्यांवर नाव लिहायचीही सोय नव्हती, तुमच्या हाती पडलं असतं. मी बादलीला पिवळा दोरा बांधते. पिवळा म्हणजे थर्ड क्रीक, एवढंच."

"म्हणजे दोरा कुठल्याही झाडाच्या बादलीला बांधता येतो."

"बांधून करायचंय काय? माझी झाडं मी ओळखते. खोड चोळायचं आणि बोटं नाकाशी न्यायची, की झालं." ती थांबली. "म्हणजे ओळखायचे. फेब्रुवारीत न्यूमोनियाने अकरा दिवस इस्पितळात होते, तेव्हापासून नाक मेलं ते मेलंच. कॉफी पिते ती गरम आहे म्हणून."

"मोठा बर्फ पडला तेव्हाच ना?"

"तेव्हाच. रस्ता पाच दिवस बंद होता. लायल माझ्या उशाशी खुर्ची टाकून बसला होता. मी जाते की राहते अशी गत होती."

लायलने पाव उलटला. एक बाजू पार काळी पडली होती.

"तुझ्याशिवाय हे झाड कुणाकडेच नाही, याची खात्री आहे?" अर्लने विचारलं.

"गिल गेल्यापासून तिने आकाश पाहिलेलं नाही, अर्ल. तो होता तेव्हा वरच्या कुरणात लावायचो. तो गेला आणि मी तिला आत घेतली. फुलं काढायची तीही दिव्याखालीच. सोळा वर्षांत एक फांदी बाहेर गेली नाही." तिने डोळ्यांच्या कडा पुसल्या. "गिलची कबरसुद्धा मी विकून जाईन त्या जमिनीत राहणार. सोबत न्यावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही."

 अर्लने करपलेला पाव खाल्ला.

३

बक ओस्ट्रँडरचं घर पलीकडच्या उतारावर होतं. पोटाचा घेर मोठा, पांढरी दाढी पिवळी पडलेली. दोन्ही हात खिशात घालून तो फाटकातच उभा राहिला.

"या फौजदारसाहेब. आज झाडं हुडकायला हेलिकॉप्टर नाही आणलं?"

"गुडघ्याला मानवत नाही. बक, मॅव्हिसच्या आया कुणी नेल्या?"

"मी नेल्या असं ती म्हणते ना? मग मीच नेल्या. शनिवारी सगळे मिळून मला वाळीत टाकतील. तसंही माझ्याकडे येतंय कोण."

"नेल्यास का?"

"अरे, मी एवढा खुळा दिसतो का तुला?" बकने खिशातून हात काढला आणि करंगळी दाखवली. "मला ते झाड हवं असतं तर एवढी फांदी खुडून खिशात टाकली असती. तिला कळलंसुद्धा नसतं. चार अख्खी झाडं खांद्यावर टाकून डोंगर कोण उतरेल? माझं वय बघ."

हे अर्लला शेडमध्येच सुचलं होतं. चोराला कलम पुरतं, जास्त ओझं कोण उचलेल.

"गिलचा तुला राग होता."

"होता. अजून आहे. मेला म्हणून काय झालं? नराचा परागकण माझ्या बागेतून नेला, आणि लोकांना सांगताना माझं नाव कधी घेतलं नाही." त्याने दाढीतून हात फिरवला. "पण झाड सोनं आहे, हे मी नाकारणार नाही. ते वणव्याच्या धुराचं वर्ष आठवतं ना, पाच वर्षांपूर्वीचं? महिनाभर सूर्य नव्हता. सगळ्या डोंगराच्या मालाला राखेचा वास. लोकांनी उभी झाडं जाळली. आणि तिने एक पान गाळलं नाही. वरून राख पडत होती आणि ही आपली फुलतेय."

"असं?"

"असं." बकने फाटक लावून घेतलं. "आता जा. माझी कोंबडी शिजतेय."

अर्ल गाडीत बसला. काहीतरी खटकलं होतं, पण काय ते सापडेना. म्हातारपणी डोकं असंच चालतं, माल आत येतो पण पोचपावती उशिरा मिळते.

४

शुक्रवारी त्याने हाय ओक नर्सरीच्या इमोजेन वॉल्शला फोन केला. आवाज तरुण, घाईतला.

"ऑगस्टमध्ये तुम्ही शेड पाहायला आला होता. तेव्हा कलम मागितलंत?"

"मागितलं. त्यांनी कागदांवर सह्या झाल्याशिवाय दिलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. मिस्टर प्रुइट, तुम्ही माझ्यावर संशय घेताय का?"

"मी सगळ्यांवर घेतो. सवय जात नाही. आल्यावर तुम्ही आधी काय करणार होता?"

"आधी तपासणी. त्यांच्या नवऱ्याने बरणीत ठेवलेली जुनी सुकलेली फुलं आहेत ना, थर्ड क्रीकची? त्यांच्याशी आम्ही ताळा करणार होतो. नावं कुणीही सांगतो, झाड तेच आहे हे बघावं लागतं."

"त्याला काय लागतं?"

"एक पान. वाळून खाली पडलेलं असलं तरी चालतं."

अर्लने फोन ठेवला. वाळून खाली पडलेलं असलं तरी चालतं. म्हणून झाडू फिरला होता. ज्याने झाडं नेली त्याला झाड नको होतं. पान कुणाच्या हाती लागू नये, एवढंच त्याला हवं होतं.

तो पुन्हा शेडमध्ये गेला. मॅव्हिस डॉक्टरकडे गेली होती, लायल तिला घेऊन गेला होता. अर्लने पहिली बादली आडवी केली आणि मातीचा गड्डा बाहेर ओढला.

हे काम त्याने हजारो वेळा केलं होतं. त्या काळी कोर्टात मुळं असलेलंच झाड मोजलं जायचं, बिनमुळाच्या फांदीला झाड म्हणत नसत. म्हणून प्रत्येक झाड उपटायचं, मुळं झटकायची, कागदावर आकडा टाकायचा आणि आगीत फेकायचं. वीस वर्षं. कलम कोणतं नि बियाचं रोप कोणतं, हे त्याच्या हातांना डोळ्यांआधी कळायचं. त्या ढिगांमध्ये किती जणांची एकुलती एक आई जळाली असेल, हा विचार तेव्हा त्याला कधी शिवला नव्हता. आता शिवला, आणि तो मातीचे हात घेऊन थोडा वेळ उलट्या खोक्यावर बसला. फार थकल्यासारखं वाटलं त्याला.

मग उठून त्याने मुळं धुतली.

कलमाला मुळं फुटतात ती खोडाच्या कापलेल्या टोकाभोवती, झुबक्याने. इथे झुबका नव्हता. खोडातून एकच जाड सोटमूळ सरळ खाली उतरलं होतं आणि बादलीच्या तळाला टेकून वळलं होतं. दुसऱ्या बादलीत तेच. तिसऱ्या आणि चौथ्यातही तेच.

चारही झाडं बियाची होती. पिवळा दोरा बांधलेल्या बादल्यांत थर्ड क्रीक नव्हतंच.

५

लायल गाडी लावून आला तेव्हा अर्ल शेडच्या दारात चार मुळं मांडून बसला होता. मॅव्हिस गाडीचा आधार घेत मागून येत होती.

लायलने मुळं पाहिली आणि तो तिथेच उभा राहिला.

"बर्फाच्या दिवसांत रस्ता पाच दिवस बंद होता," अर्ल म्हणाला. "तू इस्पितळात होतास. मग शेडचे दिवे चालवणाऱ्या जनरेटरमध्ये तेल कोण घालत होतं, लायल?"

लायलने वाकून एक मूळ उचललं आणि परत ठेवलं.

"कुणीच नाही," अर्लनेच सांगितलं. "दिवे गेले, हीटर गेला. आया गोठल्या. तू परत आलास आणि बी टाकलंस."

"गिलच्या डब्यातलं होतं," लायल हळूच म्हणाला. "तिचीच भावंडं. तेवीस टाकली, नऊ उगवली. चार माद्या निघाल्या. जुन्या आया थकल्या म्हणून नवी कलमं लावली, असं तिला सांगितलं. पानं बरीचशी तशीच होती. तिला वास येत नव्हता, दिसत नव्हतं. मला वाटलं, कुणाला कळणार आहे. आणि मग ती नर्सरीची बाई म्हणाली की तपासणी करणार."

"म्हणून कापलीस. काय केलंस त्यांचं?"

"चुलीत घातली. चौघी." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "चोरी झाली असं वाटलं तर बरं, असा विचार केला. चोरीला गेली म्हणजे कुठेतरी जिवंत तरी आहे, असं तिला वाटत राहिलं असतं."

"आणि बक?"

"बकला तसेही सगळे चोरच म्हणतात."

मॅव्हिस जवळ आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. लायल तिच्याकडे न पाहता बुटाने माती उकरत राहिला.

"आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिने मी चार परक्यांना पाणी घातलं. रोज सकाळी त्यांच्याशी बोलले. गिलबद्दल बोलले. आणि तू तिथे उभा राहून ऐकत होतास."

"हो."

"फेब्रुवारीतच का नाही सांगितलंस? रडले असते चार दिवस."

"कसं सांगणार? तू विचारलं असतंस की मी कुठे होतो. मी तुझ्यापाशी होतो. तू शुद्धीवर नव्हतीस. बर्फ सुरू झाला तेव्हाच निघालो असतो तर पोचलो असतो. मला माहीत होतं टाकीत किती तेल आहे ते. मी नाही निघालो." तो तिच्याकडे वळला. "तुझ्यामुळे ती मेली, हे मी तुला सांगायचं?"

मॅव्हिसने हात पुढे करून चाचपडत त्याची बाही पकडली.

"मूर्ख आहेस तू," ती म्हणाली. "वीस वर्षं झाली तरी मूर्खच." पण बाही सोडली नाही.

मग ती पायरीवर बसली आणि रडू लागली. थर्ड क्रीक गेलं होतं, चोरीला नाही, खरंच गेलं होतं. लायल तिच्याशेजारी बसला. अर्लचं काम संपलं होतं. त्याने टोपी घातली आणि तो गाडीकडे निघाला.

अर्ध्या वाटेत त्याची पोचपावती आली.

तो परत फिरला. "मॅव्हिस, धुराच्या वर्षी तुझी थर्ड क्रीक कुठे होती?"

"आत. दार बंद करून, ओल्या चादरी लावून. का?"

"तिच्यावर राख पडली होती का?"

"आतल्या झाडावर राख कुठून पडणार?"

"मग बकने ती कुठे पाहिली?" अर्ल म्हणाला. "ऊठ. गाडीत बस. दोघंही बसा."

६

बक या वेळी फाटकात नव्हता. घराच्या मागे, टोमॅटोच्या वाफ्यापलीकडे, तारेच्या कुंपणात तो पाइप घेऊन उभा होता. तिघं येताना पाहून त्याने पाणी बंद केलं.

"शनिवार उद्या आहे," तो म्हणाला. "आजच आलात?"

"कोणतं झाड आहे ते दाखव," अर्ल म्हणाला.

"कोणतं म्हणजे?"

"बक, मी दमलोय. राख पडत असताना फुलणारं. काल तूच सांगितलंस."

बकने पाइप या हातातून त्या हातात घेतला. तीस वर्षं तो साऱ्या डोंगराला शपथेवर सांगत आला होता की गिलच्या झाडाला त्याने हात लावलेला नाही. या लोकांत चोरी माफ होते, मारामारी माफ होते, पण न विचारता दुसऱ्याचं कलम नेलं तर मरेपर्यंत कुणी दारात उभं करत नाही.

"चोरी केल्याचा आळ तुझ्यावर नाही आता," अर्ल म्हणाला. "तो लायलने उतरवला. तू बोलला नाहीस तर सभेत कुणी तुला काही म्हणणार नाही. तू सुटलास. पण मॅव्हिसकडचं झाड फेब्रुवारीतच मेलंय, आणि रविवारी ती बाई येतेय."

"मेलं?" बकने मॅव्हिसकडे पाहिलं. "चारही?"

"चारही," मॅव्हिस म्हणाली.

बकने पाइप खाली टाकला. कुंपणाच्या कोपऱ्यात, बाकीच्यांपासून जरा दूर, एक उंच झाड फुलावर आलेलं होतं. तो त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला आणि मान खाली घातली.

"गिलला पुरला त्या दिवशी," तो म्हणाला. "तुम्ही सगळे कुरणात गात होता. मी शेडमध्ये गेलो. वाटलं, मॅव्हिस, तू आता हे बघणार नाहीस, ही सुकून जाईल. आणि माझंही अर्धं होतं तिच्यात. दोन्ही खरं आहे. दर हिवाळ्यात कलम आत नेतो, वसंतात बाहेर लावतो. कुणाला दिलं नाही. फुलंही कुणाला दाखवली नाहीत."

मॅव्हिस लायलचा हात धरून पुढे गेली. तिने खोड शोधलं, दोन बोटांनी चोळलं आणि बोटं नाकाशी नेली. 

"मला काही कळत नाही," ती म्हणाली. "बक, तू सांग. कसला वास येतो?"

"पिकलेल्या नासपतीचा. मग शिसपेन्सिल तासल्यावर येतो तो."

"हे डोंगरात सगळ्यांना पाठ आहे. गिल दारू प्यायला की हेच सांगायचा. पुढे?"

बक घुटमळला. "पुढे असं नाही. पण दिवसभर तिच्यात काम केलं आणि हात धुऊन जेवायला बसलं, की बोटांना विझलेल्या काडीचा वास येतो. साबणाने जात नाही. मला वाटायचं, माझाच भास आहे."

मॅव्हिसने खोड दोन्ही हातांनी धरलं. तिच्या नवऱ्याशिवाय ही गोष्ट कुणी कधी बोललं नव्हतं. तिनेही कुणाला सांगितली नव्हती.

"भास नाही," ती म्हणाली. "तीच आहे."

रविवारी इमोजेन वॉल्श आली ती बकच्या दारात. तिने कलमं घेतली, एक पान घेतलं, गिलच्या बरणीतलं एक फूल घेतलं आणि मोटारीच्या टपावर कागद पसरले. जमिनीवरच्या ओलीने सगळ्यांचे बूट भिजले होते. अर्ल कुंपणाला टेकून एक पाय मोकळा करत होता.

"वाण तयार करणारे?" इमोजेनने विचारलं.

"गिल आणि मॅव्हिस लिंडक्विस्ट. आणि नराचा पराग बक ओस्ट्रँडरचा," मॅव्हिस म्हणाली.

बकने खाकरल्यासारखं केलं.

"जतन करणारे?"

"बक ओस्ट्रँडर. सोळा वर्षं."

"मॅव्हिस," बक म्हणाला, "अगं, मी ती चोरली होती."

"माहीत आहे मला. चोरीला रकाना असेल तर तेही लिहा, बाई."

इमोजेनने कागद उलटापालटा करून पाहिले. "तसा रकाना नाही," ती म्हणाली.

"मग राहू दे," मॅव्हिस म्हणाली. लायलने तिचा हात धरून सहीच्या जागेवर ठेवला आणि तिने सही केली. तिच्यानंतर बकने केली. त्याला बराच वेळ लागला.